इज्जाची एकडोळी दुर्बीण

ज्या उन्हाळ्यात इज्जाची धाकटी लेक तामू लग्न होऊन तिझनीत शहराला गेली, त्या उन्हाळ्यात मी खिळ्यावरून खाली उतरले. मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा डावा डोळा समुद्राच्या खाऱ्या पाण्याने गेला. कीव करू नका. उजवा शाबूत आहे.

इज्जाचा नवरा बेलाईद अगादीरच्या मासेमारी बोटीवर होता. पक्षी पाण्यावर कुठे घिरट्या घालतात ते माझ्यातून बघायचा आणि तिथे जाळं टाकायचा. पक्षी कोणता, हे त्याने कधी विचारलं नाही. तो गेला आणि सात वर्षं मी धूळ खात लटकले.

इज्जाला मात्र एक पक्षी बघायचा होता. आर्गनच्या काटेरी झाडांच्या कोरड्या रानात तो गुराख्यासारखी शीळ घालायचा. जन्मभर तिने शीळ ऐकली, घालणारा दिसला नाही.

"दोघींत मिळून डोळे तीन!" शेजारीण हसली.

"मग तुझ्यापेक्षा एक जास्तच की," इज्जा म्हणाली.

तेव्हा रानाची बंदी होती. फळं पिकेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, शेळी आत सोडायची नाही. बंदी मोडणाऱ्याचा त्या वर्षीचा वाटा जातो. इज्जाचं वर्ष तर त्या फळांच्या तेलावरच निघे. नुसतं चालायला मनाई नव्हती. पण आमच्याकडची बाई पाठीला टोपली न बांधता रानात जात नाही. इज्जानेही सवयीने बांधली. तीच चूक झाली.

तिने मला पहिल्यांदा डोळ्याला लावलं, तर फांदीवर काळंभोर काहीतरी हललं.

"अगं बाई, केवढा पक्षी!"

पक्षी रवंथ करत होता. ती झाडावर चढलेली शेळी होती, कानात तांबडा दोरा. इज्जा पोट धरून हसली. इतक्यात शीळ आली. मी खाली वळले. झुडपाच्या बुडाशी काळी टोपी, विटकरी पंख. तो पक्षी धावत सुटला आणि दिसेनासा झाला. इज्जाचा श्वास माझ्या काचेवर साचला.

"टोपली घेऊन बंद रानात?" मागून राखणदार बिही ओरडला. "म्हातारे, तुझा वाटा गेला!"

"टोपलीत भाकरी आहे. मी पक्षी बघायला आले."

"पक्षी? खातेस की विकतेस?"

"बघते. तूही बघ. तांबडा दोरा कुणाच्या शेळ्यांच्या कानात असतो रे?"

बिहीने मला डोळ्याला लावलं. शेळी त्याचीच होती.

"लाल्ला इज्जा," म्हातारीची एकदम मानाची लाल्ला झाली, आवाजही मऊ झाला, "तू टोपली विसर, मी शेळी विसरतो."

"मी काही विसरत नाही."

शुक्रवारी गाव जमलं तेव्हा ती मला गळ्यात घालून उभी राहिली. "टोपली नेली ती माझी चूक. पण फळ तोडलं नाही. याची शेळी माझ्यासमोर फळं खात होती. आता ठरवा." इज्जाचा वाटा राहिला, बिहीचा गेला.

त्यानंतर अकरा उन्हाळे ती बंद रानात गेली, बिनटोपलीची. लोक हसले. हसू देत.

मित्रांनो, मला पुसून कपाटात ठेवणं म्हणजे मला जपणं नव्हे. ओरखडे पडू द्या, पण डोळ्याला लावा. आता मी तामूच्या गळ्यात असते.

इज्जा गेल्या वर्षी जूनमध्ये वारली. रानाची बंदी लागून तीन दिवस झाले होते; बाराव्या उन्हाळ्याची तिची फेरी राहिली.