परांचीवरचे काका

शहराच्या मधला जुना बाजाररस्ता एका मोठ्या आगीनंतर नव्यानं बांधला गेला होता. तेव्हाच्या नगराध्यक्षांनी फर्मान काढलं: सगळ्या घरांची उंची सारखी, तोंडवळा सारखा, आणि खाली दगडी कमानींची एकच सलग पडवी. त्यामुळे ऊन असो की पाऊस, माणूस या टोकाकडून त्या टोकाला कोरडा ठणठणीत जायचा. अशा रस्त्यावर छत्र्यांचं दुकान काढायला छाती लागते. मोजपट्टीच्या थोरल्या काकांनी ते काढलं, वर चालवूनही दाखवलं.

मोजपट्टी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती दिसेल ते मोजायची. पुढे आर्किटेक्ट होऊन नगरपालिकेत लागली आणि या रस्त्याच्या दर्शनी भिंती दुरुस्त करून एका रंगात रंगवण्याचं काम नेमकं तिच्याच गळ्यात पडलं.

सगळा रस्ता कबूल झाला. अडलं ते काकांच्या घरापाशी.

त्या घराची डावी बाजू हिरवी, उजवी गुलाबी. हिरव्यात थोरल्या काकांच्या छत्र्या, गुलाबीत धाकट्या काकांचे चष्मे. आजोबा गेल्यावर दोघांनी मधोमध भिंत घातली आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. ‘बाबांचं एकसंध घर यानं फोडलं,’ असं दोघंही एकमेकांबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगत. मोजपट्टीचे बाबा मधले. ते शहाणपणानं लांब राहायला गेले होते.

“तुमच्याच घरचे आहेत, तुम्हीच निस्तरा,” साहेब म्हणाले.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं पुटपुटत ती भिंतीला बांधलेल्या बांबूंच्या परांचीवर चढली.

रंग खरवडला, गिलावा उतरवला, आणि ती बघतच राहिली. छपरापासून पडवीपर्यंत भिंतीत एक सरळ उभा सांधा होता. डावीकडच्या विटा जाड, उजवीकडच्या पातळ. एकीकडचा थर दुसरीकडच्या थराला कुठेच मिळत नव्हता. घरात दोन्हीकडच्या जमिनींत वीतभर फरक होता, तो का, हेही आता कळलं. आगीतून वाचलेली ती दोन वेगळी घरं होती. फर्मान आल्यावर पणजोबांनी पाडापाडी टाळली आणि दोन्हींवर मिळून पुढून एकच तोंड चढवलं.

आता हे काकांना दाखवायचं कसं? ती हिरव्या दारात जाऊन म्हणाली, “काका, वर भिंतीत काहीतरी सापडलंय. धाकटे काका बघायला निघालेत.” गुलाबी दारातही तेच सांगितलं, फक्त काका बदलले.

दोघं एकाच शिडीनं चढले. वर फळी होती जेमतेम हातभर रुंद. ती जराशी डुलली, तसा थोरल्या काकांनी डोळे मिटून धाकट्यांचा दंड पकडला.

“हलू नकोस!”

“मी कुठं हलतोय? तूच थरथरतोयस!”

इतक्या वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे असं झालं.

मोजपट्टीनं सांध्यावरून बोट फिरवलं. “काका, हे घर एक कधी नव्हतंच. दोन होती.”

धाकट्या काकांनी खिशातून भिंग काढलं आणि भिंतीला नाक लावलं. “विटा वेगळ्या आहेत, दादा.”

“म्हणजे... फोडलं कोणीच नाही?”

“फोडणार काय? जोडलं होतं तेसुद्धा तोंडापुरतंच,” मोजपट्टी म्हणाली.

धाकटे काका भिंग तसंच धरून उभे राहिले. मग म्हणाले, “ती माजघरातली पायरी, दादा. रोज ठेचकाळायचो मी तिथं. आणि बाबा मलाच धांदरट म्हणायचे.”

थोरले काका भिंतीकडेच बघत होते. “मीही म्हणायचो,” ते हळूच म्हणाले. “चल, उतरू. आधी तू.”

“थोरला तू आहेस.”

“मला भीती वाटते रे.”

मग धाकटे काका आधी उतरले. शिडीच्या एकेका पायरीवर थांबून, वरच्या भावाचं पाऊल हातानं धरून नीट जागेवर टेकवत, “हं, आता दुसरा,” म्हणत. खाली पडवीतली गिऱ्हाइकं तोंडात बोट घालून बघत राहिली.

मधली भिंत तशीच राहिली. दोघांनाही आता तिची सवय झाली होती. रंगासाठी मात्र मोजपट्टी साहेबांशी भांडली. “एकच रंग दिला तर पणजोबांची थाप आपणही मारल्यासारखं होईल.” साहेबांनी कपाळाला हात लावला, पण सही केली. गिलाव्याखाली सापडलेले मूळचे दोन रंग दोन बाजूंना लागले.

त्यावर नवा वाद सुरू झाला: जुनं घर कोणाचं? थोरले काका पडवीत उभं राहून दिसेल त्याला आपल्या जाड विटांचा इतिहास ऐकवत आणि पलीकडून “थापा आहेत!” अशी आरोळी येई. शेवटी मोजपट्टीनं विटा तपासून घेतल्या. पातळ विटा जुन्या ठरल्या. धाकट्यांचं घर थोरलं निघालं.

थोरले काका दुपारभर दुकानात घुम्यासारखे बसले. संध्याकाळी किटली आणि दोन पेले घेऊन शेजारच्या दारात गेले आणि मोठ्यानं म्हणाले,

“अहो थोरले, चहा घेणार का?”