सतरंजीची उलटी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. माझ्यावर पाय ठेवण्याआधी लोक चपला काढतात आणि गुडघे टेकले की डोळे मिटतात. त्यामुळे मला नीट पाहिलेलं असं फारसं कुणी नाही.

बाभुळगावजवळच्या एका खेड्यातल्या लहानशा चर्चमध्ये माझा जन्म सरला. इथल्याच कापसाच्या सुताची मी. मागावरून उतरले तेव्हा माझे निळे-तांबडे पट्टे कसे ताठ होते! पण सतरंजीनं ताठ राहून कसं चालेल? रविवारी मी पसरायचं, मंडळीनं वाकायचं. कुणाचं रडू, कुणाचं गाणं, सगळं माझ्या सुतात मुरत गेलं.

उपासना संपली की मंडळीतल्या भागीरथाबाई मला अंगणात न्यायच्या. कडुनिंबाखाली झटकताना गुणगुणायच्या:

झटकते सतरंजी, धूळ उडाली उन्हात
माझ्या मनातली धूळ, देवा, तुझ्याच ध्यानात

पहिल्या रांगेत रामराव असायचे, मंडळीतले मोठे मानाचे गृहस्थ. सगळ्यांची प्रार्थना संपली तरी त्यांचे गुडघे माझ्यावर टेकलेलेच. तिथं माझ्यात दोन खळगे पडले होते. आया मुलांना दाखवायच्या, "पाह्य, रामरावकाकाच्या गुडघ्याच्या खुणा! देवापुढं असं वाकावं." ते ऐकलं की रामरावांचे गुडघे थोडे अधिकच जड व्हायचे. हे फक्त मलाच कळायचं.

पुढे भागीरथाबाईंचे गुडघे सुजले. जन्मभर कापूस वेचलेले पाय ते. एका रविवारी त्यांनी घरून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि माझ्या काठाला लावली. रामरावांनी प्रार्थनेतच डोळे उघडले.

"देवासमोर खुर्ची? कायले आले मंग, पाहुणचाराले?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"गुडघे वाकून नाई राह्यले, भाऊ."

"मन असलं का गुडघेबी वाकते, बाई."

भागीरथाबाईंनी खुर्ची उचलली. दारात थांबून म्हणाल्या, "तुमचे गुडघे लय वाकते, रामरावभाऊ. मान तेवढी राह्यली."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. मला कुणी झटकेना, कुणी ऊन दाखवेना. रविवार सोडला तर कोपऱ्यात गुंडाळलेली मी ओल धरू लागले. वाळवीनं माझा काठ धरला.

मग चर्चचे पाळक शामराव बोलले, "पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे, प्रभूच्या आठवणीत एकाच ताटातली भाकर. ज्यानं कुणाचं मन दुखवलं असेल, त्यानं आधी समेट करावा आणि मगच भाकरीला हात लावावा." त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. पण त्या दिवशी पहिल्या रांगेतले दोन गुडघे सगळ्यांआधी माझ्यावरून उठले.

दोन दिवसांनी रामराव एकटेच आले. वाळवी झटकायला त्यांनी मला उलटं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! आणि ते तसेच उभे राहिले. त्यांच्या त्या दोन खळग्यांखाली ठिगळं होती, ठिगळावर ठिगळ. हिरव्या लुगड्याची. ते लुगडं भागीरथाबाई नाताळाला नेसत. माझं सूत तिथं केव्हाच विरलं होतं, मित्रांनो. ज्या खुणांचं गावभर कौतुक होतं, त्या एका बाईच्या टाक्यांवर टिकल्या होत्या.

त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि भागीरथाबाईंचं घर गाठलं. त्या बाजेवर बसल्या होत्या.

"सतरंजी फाटली म्हून आले काय?"

"व्हय... नाई."

"सुई त्या डब्यात हाय. मले आता दोरा दिसत नाई."

रामराव खाली जमिनीवर बसले. दोरा काही ओवेना.

"एवढ्या लंब्या प्रार्थना करता, अन् दोरा ओवता येत नाई!"

ते हसले नाहीत. "चुकलो, बाई. चारचौघांत बोललो तुमाले."

"चारचौघांत बोलले, अन् माफी एकट्यात मागता?"

"रविवारी सगळ्यासमोर मागतो."

"नको बाप्पा! त्याचीबी लोकं वाहवा करतीन."

"मंग काय करू?"

"टाका घाला."

त्यांनी टाके घातले. वाकडेतिकडे. सुई बोटात गेली, तेव्हा रक्ताचा एक ठिपका माझ्यावर पडला. रविवारी येणार की नाही, हे मात्र भागीरथाबाईंनी सांगितलं नाही.

रविवार आला. रामरावांनी मला पसरलं आणि माझ्या काठाला खुर्ची ठेवली. स्वतः दारापाशी, चपलांजवळच्या उघड्या फरशीवर बसले. गाणं झालं. भाकरीचं ताट फिरलं. खुर्ची रिकामीच. ताट रामरावांपाशी आलं, तेव्हा त्यांनी ते तसंच पुढं दिलं. तेवढ्यात अंगणात काठी वाजली. टक्... टक्... फार सावकाश.

भागीरथाबाई खुर्चीवर टेकल्या. त्यांचे सुजलेले पाय माझ्यावर आले. पाळकांनी ताट परत फिरवलं. भागीरथाबाईंनी भाकर घेतल्यावरच रामरावांनी हात पुढं केला.

पहिल्या रांगेतली ती जागा आता मोकळी आहे. मला हलकं वाटतं, पण भीतीही वाटते. उद्या कुणाला तीच जागा हवीशी वाटेल. माझंही आता फार राहिलेलं नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. देवापुढं जरूर वाका. पण गुडघे टेकण्याआधी मला एकदा उलटून पाहा. खाली कुणाचं लुगडं आहे ते बघा.