सूचनाबाई

"बाई, असं उघडंवाघडं लिहायचं नसतं." साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "'तांत्रिक कारणास्तव पाण्याच्या गुणवत्तेत बदल संभवतो,' असं घाला."

"त्यातून कुणाला काय डोंबल कळणार, साहेब?"

पाणीपुरवठा कार्यालयात साहेबांना असं तोंडावर बोलणाऱ्या एकट्या सूचनाबाईच. नळ बंद, वाहिनी फुटली, टाकी धुतली, सगळ्या सूचना वर्षानुवर्षं त्याच लिहीत आल्या होत्या. खऱ्या नावानं त्यांना आता कुणी हाक मारत नसे. कार्यालयाची वेबसाइट कुणी उघडत नाही हे त्यांनी फार आधी ओळखलं आणि साहेबांच्या मागे लागून फीड सुरू करून घेतलं. बाईंनी इथे सूचना टाकली की ती आपोआप बातम्यांच्या साइटवर, रेडिओवाल्यांकडे, शाळांच्या पानांवर, औषधांच्या दुकानातल्या सरकत्या पाट्यांवर जाऊन बसे. "लोक आपल्या दारात येत नाहीत, आपणच त्यांच्या दारात जायचं," असं त्या म्हणत.

आज सकाळी प्रयोगशाळेतली केमिस्ट धापा टाकत आली होती. पूर्वेकडच्या टाकीच्या पाण्यात सांडपाण्याचे जंतू सापडले होते. दुसऱ्या तपासणीचा निकाल उद्या येणार होता.

"उद्यापर्यंत थांबू," साहेब म्हणाले. "चुकीचं निघालं तर माझ्या गळ्याशी येईल."

"आणि खरं निघालं तर?" बाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "साहेब, फीडमधून पुढे गेलेलं बहुतेक ठिकाणी नुसतं शीर्षकच दिसतं. खालचा मजकूर उघडायला वेळ कुणाला आहे? तुमचा तो 'बदल संभवतो' वाचून एखादी आई खुशाल बाळाची बाटली भरेल."

साहेब माणूस वाईट नव्हता, जरा भित्रा होता इतकंच. त्यांनी अजून दारातच उभ्या असलेल्या केमिस्टकडे पाहिलं.

"मी माझ्या मुलांना तरी हे पाणी देणार नाही," ती म्हणाली.

"टाका मग," साहेब म्हणाले. "खाली माझं नाव घाला. शिव्या खायच्याच तर मी खाईन."

शिव्या आल्याच. दिवसभर फोन वाजत राहिला. घबराट पसरवता का, म्हणून एका हॉटेलवाल्यानं बाईंचा उद्धार केला. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी उकळताय ना पण?" तो म्हणाला, "उकळतोय."

दुसऱ्या दिवशी निकाल आला. जंतू होतेच. दवाखान्यात पोटदुखीचे मोजके रुग्ण आले, आणि तेही बरे होऊन घरी गेले. बातम्यांत साहेबांचा फोटो झळकला. बाईंनीच तो नीट कापून पाठवला होता.

संध्याकाळी आईचा फोन आला. आई पूर्व भागात बाईंच्या भावाकडे राहायची. लेक ऑफिसात टायपिंग करते, एवढंच तिला ठाऊक होतं.

"अगं, तुला कळलं का? कामाच्या नादात तुझं कशात लक्ष नसतं म्हणून सांगते. औषधं आणायला गेले होते, तिथे पाटीवर आलंय. कागदावर उतरवूनच आणलंय मी. ऐक नीट."

"ऐकते, आई."

आईनं चष्मा शोधला, घसा साफ केला. "पूर्व भागातलं... नळाचं पाणी... उकळूनच प्या." एकेक शब्द ती ठासून वाचत होती. "लहान मुलांना... तर... अजिबात..."

सूचनाबाईंनी मध्ये तोडलं नाही.