आपला अर्ज मिळाला आहे

आमच्या मालकाला, यज्ञेशला, मी मे महिन्यातच सांगितलं होतं, की वेबसाइटची ही थीम लग्नाच्या हॉलची आहे, मुलींच्या वसतिगृहाला लावू नकोस. ऐकेल तर शपथ! आमच्या माळनाक्यावरच्या ऑफिसात बनलेली प्रत्येक वेबसाइट याच एका विकत घेतलेल्या थीमवर चढवलेली. हॉल, दंतवैद्य, आंबेवाले, सगळे एकाच साच्यातले. वर फोटो सरकतात, बटणं चमकतात, पानं मऊ मऊ उघडतात. मी मनस्विनी, गेली नऊ वर्षं हे बांधून देते आणि मनातल्या मनात चरफडते.

वसतिगृह एका संस्थेचं. अध्यक्ष राजाभाऊ, बागायतदार, शब्दाला वजन असलेला माणूस. चोवीस जागा, गावांतून रत्नागिरीत शिकायला येणाऱ्या मुलींसाठी. यंदापासून अर्ज फक्त वेबसाइटवर, कागद बंद. का, तर संस्थेला आधुनिक दिसायचं होतं.

"फॉर्म जुन्या फोनवर तपासायला हवा," मी यज्ञेशला म्हटलं होतं.

"जुने फोन आता वापरतं कोण?"

कोण वापरतं! याच्या स्वतःच्या घरातला जुना फोन गणपतीत गावी जातो. सगळ्यांचेच जातात. मुंबईतला भाऊ नवा घेतो आणि जुना बहिणीला नाहीतर बापाला आणून देतो. वाड्यावाड्यांतून आपलेच टाकलेले फोन चालतात, आणि आम्ही विचारायचं, वापरतं कोण. पण त्या दिवशी मी वाद घातला नाही. घरी जायची घाई होती. तपासणीच्या यादीत ‘सर्व फोन, सर्व ब्राउझर’ यापुढे बरोबरची खूण केली आणि उठले. तेव्हा मला रागवायचा हक्क नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी रागावणार आहेच.

प्रवेशाची यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी भागोजी ऑफिसात आला. संगमेश्वरच्या वरच्या अंगाचा शेतकरी. सोबत मुलगी राही, बारावी होऊन इथल्या कॉलेजात नाव घातलेली. यादीत ती नव्हती. संस्थेतल्या कारकुनाने सांगितलं, तुम्ही अर्जच केला नाहीत. वेबसाइटच्या तळाशी आमचा पत्ता दिसला, तो विचारत विचारत दोघं आली होती.

"पोरीन फॉर्म भरलान," भागोजी म्हणाला. "मी बाजूलाच बसलेलो. फोनान सांगितलान, अर्ज मिळाला म्हणून. मग आमचा काय चुकला, ता सांग बाय."

भांडायला आला असता तर परवडलं असतं. हा माणूस आपली चूक विचारायला आला होता.

राहीचा फोन हातात घेतला. काच तडकलेली, सात-आठ वर्षांपूर्वीचा. फॉर्म उघडला, काहीबाही भरलं, बटण दाबलं. हिरवी चौकट आली: ‘धन्यवाद! आपला अर्ज मिळाला आहे.’ माझ्या कॉम्प्युटरवर आलेल्या अर्जांची यादी उघडी होती. तिथे काहीही आलं नाही.

कारण दहा मिनिटांत सापडलं. थीममध्ये अर्ज पाठवणारा कोडचा तुकडा वेगळा आणि आभार मानणारा वेगळा. पाठवणारा नव्या पद्धतीने लिहिलेला. जुन्या ब्राउझरला त्यातली एक ओळ कळली नाही की तो अख्खा तुकडा सोडून देतो. आभारवाला मात्र ठणठणीत. बटण दाबलं की धन्यवाद. तोच फॉर्म साधा, ब्राउझरच्या नियमांना धरून केला असता, तर वीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरनेही मुकाट पाठवला असता. पण आम्हाला चमकणारं बटण हवं होतं ना!

मी यज्ञेशच्या केबिनमध्ये शिरले.

"सर्व्हर बंद होता म्हणून सांग," तो म्हणाला.

"नव्हता बंद. आपण मुलींना खोटं सांगितलंय."

"हळू बोल. बाहेर माणसं बसलीत."

"ऐकू देत!"

त्याने राजाभाऊंना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ गो मनस्विनी, जागा भरल्या. आता बोभाटा केलास तर संस्थेची छी थू होईल. जी मुलगी आली आहे, तिच्यासाठी एक खाट वाढवू. पण वेबसाइटवर ब्र नको. मिटव."

सांगायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. मुलीची सोय होत होती आणि माझी खूण कुणी काढून बघणार नव्हतं. मी बाहेर येऊन सांगितलं. भागोजीने हात जोडले. राही जागची हलली नाही.

"आनि त्या तिघी?" तिने विचारलं.

"कुठल्या तिघी?"

"तेजस्वी, संस्कृती, सावित्री. वाडीत नेट चालतो असा फोन आमचाच. त्यांचे फॉर्म पन मीच भरले. हिरवा आला की सांगायची, झाला तुझा. काल यादी लागल्यापासून सावित्रीची आई आमच्या घराकडं बघत न्हाय. आता माझा एकटीचा नाव लागला, तर मीच त्यांचे बुडवले असा होनार."

"गप ऱ्हा गो," भागोजी म्हणाला. "मिळतंय ता घे."

"न्हाय बाबा. मना नको."

मला संताप आला. यज्ञेशचा, राजाभाऊंचा, आणि त्यांच्याहून जास्त माझा. अठरा वर्षांच्या पोरीला जे कळत होतं, ते मी हायसं वाटून गिळायला निघाले होते.

टेबलाशी बसले. वसतिगृहाच्या वेबसाइटवरचे सगळे सरकते फोटो काढले. साधं पांढरं पान ठेवलं आणि त्यावर लिहिलं: ‘या वेबसाइटने जुन्या फोनवरून अर्ज करणाऱ्या मुलींना अर्ज मिळाल्याचं सांगितलं. ते खोटं होतं. अर्ज पोचलेच नाहीत. यात मुलींची चूक नाही. सर्व फोनवर तपासणी केली असं मी लिहून दिलं होतं. ती मी केली नव्हती. मनस्विनी.’

राहीने आपल्या फोनवर पान उघडलं. तडकलेल्या काचेतही ते सरळ, पुरतं दिसत होतं. मग वडिलांच्या साध्या फोनवरून तिने सावित्रीच्या आईला फोन लावला.

"काकी, ठेवू नको. मी वाचते, तू ऐक."

केबिनचं दार आपटलं. यज्ञेश तरातरा बाहेर आला. "पान उतरवलंय मी! आणि तू उद्यापासून येऊ नकोस."

राहीने मान वर केली नाही. तिच्या फोनवर पान उघडलेलं होतं ते तसंच होतं. एकेका शब्दावर बोट ठेवून ती वाचत राहिली. शेवटच्या ओळीपाशी थांबली, वडिलांच्या फोनवर हात धरला आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तुमचा नाव पन वाचू?"

"वाच," मी म्हटलं. "मोठ्याने वाच."