खुर्च्या आवळणारा

सुताराची बायको गेली आणि घरात बोलायला भिंतीच उरल्या. काही दिवसांनी तो त्यांच्याशीही बोलेनासा झाला. शेवटी मेव्हणीने त्याला जवळजवळ बखोटीला धरून आपल्या प्रार्थनामंडळात नेलं.

मंडळ म्हणजे अजबच प्रकरण. देव माना, नका मानू, अर्धामुर्धा माना, सगळ्यांना खुर्ची मिळणार. आधी गप्प बसायचं, मग ज्याला वाटेल त्याने आपलं दुःख सांगायचं, आणि बाकीच्यांनी शहाणपण न शिकवता फक्त "ऐकलं" म्हणायचं. सुताराच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढं तर न्हावीही ऐकतो, वर दाढीही करून देतो.

त्यात त्या खुर्च्या. जरा शांतता झाली की करकर सुरू. देवाशी जवळीक साधायला निघालेल्यांना चार स्क्रू आवळता येऊ नयेत?

पुढच्या खेपेला तो पेचकस घेऊन गेला. "प्रार्थनेला आलेलो नाही, खुर्च्यांसाठी आलोय," त्याने दारातच बजावलं.

"या की," तिथली निवृत्त शिक्षिका म्हणाली. "आमच्यातले निम्मे चहासाठी येतात."

दर आठवड्याला तो थोड्या थोड्या खुर्च्या आवळत गेला. शेवटची तो उगाच पुन्हा पुन्हा आवळत बसला. आता कुठल्या तोंडाने यायचं? तो पेचकस मुद्दाम खिडकीत विसरून गेला.

पुढच्या आठवड्याला पेचकस न्यायला आला आणि जरा टेकला, तर खुर्ची मोडून तो थेट जमिनीवर. स्क्रूची डोकी कुणीतरी सुरीने कुरतडून ठेवली होती, तेही पेचकस खिडकीत हाताशी असताना.

"हा गाढवपणा कुणाचा?"

"माझा," शिक्षिका म्हणाली. "जराशीच ढिली करायची होती. तुम्ही पुन्हा यावंत म्हणून."

तिच्या अडाणी हातांना चार शब्द सुनावायला त्याने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "ती गेल्यापासून मला घरी जावंसं वाटत नाही." तो जमिनीवरच बसून रडला.

"ऐकलं," सगळे म्हणाले आणि त्याला उठवायला पुढे वाकले. तशा खोलीतल्या सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. ही अक्कल एकट्या शिक्षिकेलाच सुचली नव्हती.