मयताची वर्गणी

"मासळीबाजार संघटना, तीनशे सेडी," भोंग्यावरून देणगीचा पुकारा झाला. मांडव सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांनी फुलून गेला होता. मधोमध अराबाला निजवलं होतं, जन्मात कधी अंगाला लागली नाही अशा पांढऱ्या लेसमध्ये. पेटीला पितळी कड्या होत्या. धाकटी बहीण एकुआ पहिल्या रांगेत बसली होती. तिला रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

अराबाने घराण्याच्या मयतफंडाची वर्गणी कधी चुकवली नाही. गेल्या वर्षी तिला रक्तदाबाच्या गोळ्या परवडेनात, तेव्हा एकुआ घराण्याचे कर्ते क्वामेनामामा यांच्याकडे गेली होती. "फंड मेल्यावरचा आहे, बाई," म्हणून मामांनी तिला वाटेला लावलं. अराबा मग गोळी एक दिवसाआड घेऊ लागली. एके सकाळी माशांना धुरी देता देता ती भट्टीपाशीच कोसळली.

मामा शेजारच्या खुर्चीवर येऊन टेकले. "एकुआ, या महिन्याची तुझी वर्गणी राहिली."

"राहिली नाही, मामा. बंद केली. आता मान्साकडे पेन्शनचे भरते."

मान्साची बाजारात फोनची टपरी होती. सरकारने पेन्शन हातावर पोट असणाऱ्यांनाही खुली केल्यापासून ती बायकांची खाती उघडून देई. अर्धे पैसे अडीनडीला काढता येत, उरलेल्या अर्ध्यांना साठीपर्यंत हात लावायची सोय नव्हती. एकुआला चौपन्न चालू होतं. भट्टीच्या धुराने तिचेही डोळे अधू झाले होते.

मामा हसले. "पेन्शन? तू काय हेडमास्तरीण लागून गेलीस? म्हातारपणाला पोरं असतात."

"माझा पोरगा तिकडे कुमासी शहरात. फोनसुद्धा उचलत नाही."

"मयताला येईल की."

"येईल ना. अराबाचे बघा, बस करून आलेत."

मामांनी आवाज उतरवला. "हे बघ, दोन्ही भर. मी सांभाळून घेतो."

"दोन्ही झेपत नाही, मामा."

"मग पुरणार कोण तुला? चटईत गुंडाळून नेतील. घराण्यातलं कुत्रं फिरकायचं नाही."

तशी मयतं एकुआने पाहिली होती. चार माणसं, ना बाजा ना भोंगा, आणि पुढे वर्षानुवर्षं त्या घराची चेष्टा. तिला ते नको होतं. कुणाला हवं असतं?

"पुरा कसंही," ती म्हणाली. "तेव्हा मला भूक लागलेली नसेल."

मामा उठले. सांत्वनाची वेळ झालीच होती. घराण्यातली वडीलधारी मंडळी त्यांच्या मागे उभी राहिली, आणि रिवाजाप्रमाणे उजवीकडून एकेका सुतक्याचा हात हातात घेत रांग सरकू लागली. अराबाच्या पोरांचे हात घेतले, सुनेचा घेतला. एकुआने हात पुढे केला. मामा तिला वगळून पुढे गेले आणि पलीकडच्या चुलतबहिणीचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. मागच्यांनी मामांकडे पाहिलं आणि तेही तसेच पुढे गेले.

रांग लांब होती. ती संपेपर्यंत एकुआने हात खाली घेतला नाही.