सहा लॅपटॉप, सात गुण

मोटारसायकलच्या किमतीचा लॅपटॉप घ्यायचा आणि त्यावर खोटेनाटे राक्षस मारत बसायचं, हा शौक ज्यांना परवडतो त्यांनी तो खुशाल करावा. पण ही मंडळी पैसे मोजण्याआधी एक मासिक वाचायची आणि त्यात आधी ‘बांधणी’चा रकाना बघायची. तो रकाना भरणाऱ्या बाईंना कचेरीत सगळे बोटवाल्या बाई म्हणत. यंत्र किती तापतं, किती पळतं हे मोजायला उपकरणं होती आणि ते काम त्यांच्या नवऱ्याकडे होतं. बांधणी मोजायला उपकरण नव्हतं. बाईंची बोटं होती.

चार महिन्यांपूर्वी नवरा गेला. सकाळी बूट घालायला खाली वाकला, तो उठलाच नाही. नवव्या दिवशी बाई कामावर हजर. किती धीराची बाई, असं लोक म्हणाले. धीर कसला डोंबलाचा! घरी बसायची त्यांना भीती वाटत होती, एवढंच. कामाचे आठ तास मध्ये होते म्हणून दिवस ढकलला जात होता. ते आठ तास कुणी काढून घेतले तर काय, हा विचार त्या मनात येऊच देत नसत.

कामाची पद्धत त्यांनीच घालून दिलेली होती. कंपनीचं नाव दिसू नये म्हणून झाकणावर काळी चिकटपट्टी लावायची. झाकण एका बोटाने उघडायचं. बूड सोबत उचललं गेलं तर बिजागरी घट्ट, आपोआप मागे कलंडलं तर सैल. पडदा दोन कोपऱ्यांना धरून हलकेच पिळायचा आणि कुरकुर ऐकायची. अंगठा कीबोर्डच्या मधोमध दाबायचा. अॅल्युमिनियम गार लागतं आणि ढिम्म हलत नाही. मॅग्नेशियमचं अंग इतकं हलकं की नवखा माणूस त्याला प्लॅस्टिक समजून नाक मुरडतो. आणि धातूचा रंग फासून मिरवणारं प्लॅस्टिक अंगठ्याखाली लगेच कबुली देतं.

शिवाय दर महिन्याला त्या यंत्रांत एक ‘चोर’ असायचा. एका लॅपटॉपचे कीबोर्डाखालचे दोन स्क्रू मुद्दाम काढून ठेवायचे आणि तपासणाऱ्याला सांगायचं नाही. चोर पकडला तर गुण छापायचे. नाही पकडला, तर तपासणाऱ्याने तीन महिने घरी बसायचं आणि तो महिना रकाना कोरा. हा कडक नियमही बाईंचाच. दोन वर्षांपूर्वी, तेही बांधणी तपासायचे तेव्हा, त्यात मिस्त्री सापडले होते. खिशात सदा स्क्रूड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव मिस्त्री. नवऱ्याचे जुने दोस्त, म्हणून बाईंना वहिनी म्हणायचे. तेव्हा संपादकांनी मिस्त्रींची रदबदली केली होती, नवऱ्यानेही केली होती. बाईंनी कुणालाच भीक घातली नव्हती. तीन महिन्यांनी परत आल्यापासून चोर लपवायचं काम मिस्त्रींकडे होतं.

त्या दिवशी सहा लॅपटॉप होते. बाईंनी जेवणाच्या सुट्टीच्या आत सहाही संपवले आणि कागद मिस्त्रींच्या पुढे सरकवला. मिस्त्रींनी तो वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग उठून दार लोटून घेतलं.

“वहिनी, सगळ्यांना सात?”

बाईंनी कागद आपल्याकडे वळवला. अक्षर त्यांचंच होतं. झाकण ठीक, बिजागरी ठीक, कीबोर्ड ठीक, सात. खालीही तेच, त्याच्याही खाली तेच. कारखान्यातून निघाल्यासारखे सातचे सहा आकडे. लिहिताना त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

मिस्त्रींनी चौथा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी अंगठा दाबला. कीबोर्ड मधोमध चांगला खचला. ते डोळ्यांना दिसत होतं. अंगठा मात्र काही बोलेना. त्यांनी पाचवा ओढला, तो दाबला, पुन्हा चौथा दाबला. डॉक्टरांनी बोटं तपासली असती तर ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं असतं. गार कळत होतं, टोचलेलं कळत होतं. यातलं चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं, तेवढंच कळत नव्हतं. बाईंना वाटलं की आपल्याला आता घाम फुटायला हवा. तोही फुटला नाही.

मागच्या तीन अंकांचे कागद कपाटात होते. मिस्त्रींनी ते काढले आणि चाळले. चोर तिन्ही वेळा पकडला होता, पण बाकी सगळी सात आणि साडेसातचीच रांग. बोटं एकदम गेली नव्हती, हळूहळू गेली होती, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मिस्त्रींनी ते कागद कपाटात परत ठेवले. मग हळूच म्हणाले की चौथ्याचा आकडा ते खोडून चार करतील, बाकीचे थोडे वरखाली करतील. संपादकांना पत्ता लागणार नाही. वहिनींनी घरी बसून करायचं तरी काय?

म्हणजे घरी बसायची त्यांची भीती मिस्त्रींना ठाऊक होती. बाईंना आश्चर्य वाटलं नाही. खोडू द्यावं, असं मात्र फार वाटलं. एक रबर फिरवलं की उद्या सकाळी पुन्हा याच खुर्चीत.

“तुमच्या वेळी मी खोडलं होतं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“राग आला होता?”

“वर्षभर होता,” मिस्त्री म्हणाले. “आता नाही. आता तुम्हाला घरी पाठवायला माझा हात धजत नाही.”

बाईंनी पेन घेतलं आणि कागदाच्या तळाशी लिहिलं : चोर सापडला नाही. खाली सही केली. तारीख मिस्त्रींनी सांगितली, कारण बाईंना ती आठवत नव्हती.

भर दुपारी दोन वाजता त्या घरी पोहोचल्या. चार महिन्यांत इतक्या लवकर त्या कधी आल्या नव्हत्या. घर उन्हाने भरलेलं होतं. आवरायला काही नव्हतं, धुवायला काही नव्हतं. बाहेरच्या कोचावर, जिथे त्या हल्ली झोपत, तिथे ऊन आलेलं होतं, म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. पलंगावर टेकल्या आणि सवयीने तळहात गादीवर फिरवला.

त्यांची बाजू सपाट होती. नवऱ्याची बाजू दोन बोटं खोल होती, खांद्यापाशी थोडी जास्त. हे हाताने सांगितलं, डोळ्यांनी नव्हे. बाईंनी पुन्हा दाबून पाहिलं. इतकं दुखलं की त्यांना हात काढून घ्यावासा वाटला, पण तो त्यांनी तिथेच ठेवला.